नकारांचे प्रकार

नकार म्हटला की आपल्याला वाटते, तो एकच. पण कोणत्याही कचेरीच्या खिडकीपाशी तासभर उभे राहावे, म्हणजे नकारातही किती प्रकार असतात ते समजते. 'साहेब जागेवर नाहीत' हा एक. 'हे तुम्हांला मिळणार नाही' हा दुसरा. 'साहेब दुसऱ्या कामात आहेत' हा तिसरा. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, या तिघांना एकाच मापाने मोजतात. माझ्या शिष्यवृत्तीसाठी ते एका कचेरीत चार वेळा गेले आणि चारही वेळा 'नाही म्हणाले' एवढीच बातमी घेऊन घरी आले. नाही तर का नाही, हे विचारायचे असते, हेच आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हते. मला ते शिकवले एका बोटाएवढ्या यंत्राने. तुम्ही हसाल, पण खरे आहे.

झाले असे की, आजीच्या ट्रान्झिस्टरने गेल्या दिवाळीत मान टाकली. दुरुस्त करणारा तालुक्याला एक होता, त्याने आता मोबाईलचे दुकान थाटले आहे. 'आकाशवाणी मोबाईलवर लागते की!' असे कुणीही म्हणेल; पण आमच्या घरात मोबाईलची रेंज उंबऱ्याबाहेर असते आणि आजी उंबऱ्याच्या आत. माझ्यापाशी मामाने दिलेला एक वापरलेला लॅपटॉप आहे. त्याला विंडोज झेपत नाही म्हणून त्यात लिनक्स घातलेले आहे. कॉलेजच्या ग्रंथालयात वाचता वाचता मला समजले, की संगणकालाच रेडिओ करता येतो. मग मामाकडूनच तो दांडका मागवला.

हा दांडका दिसायला पेन ड्राइव्हसारखा. खरे तर तो परदेशात संगणकावर टीव्ही पाहण्यासाठी निघाला. आत रिअलटेक कंपनीची आरटीएल२८३२यू ही चिप. २०१२ साली फिनलंडच्या अँटी पालोसारी या लिनक्सच्या कार्यकर्त्याच्या ध्यानात आले, की ही चिप हवेतल्या लहरी कच्च्या आकड्यांच्या रूपात बाहेर देऊ शकते. ऑस्मोकॉमच्या मंडळींनी तिच्यासाठी प्रोग्राम लिहिले आणि टीव्हीचा हा स्वस्त दांडका जगभरच्या हौशी लोकांचा रेडिओ झाला. आजीच्या ट्रान्झिस्टरमध्ये लहरीतून आवाज वेगळा काढण्याचे काम तारा, गुंडाळ्या आणि डायोड करीत. इथे दांडका सेकंदाला २४ लाख नमुने घेतो, एकेका नमुन्याचे दोन आकडे, आणि बाकीचे सगळे काम म्हणजे संगणकाने केलेले गणित. गाणेसुद्धा शेवटी बेरीज-गुणाकारातून निघते, हे वाचून मराठी विषय घेतलेल्या मला बरे वाटले की वाईट, ते अजून ठरलेले नाही.

प्रोग्राम बांधून झाले, दांडका खोचला आणि 'आरटीएल टेस्ट' ही आज्ञा दिली. उत्तर आले : चालण्याजोगे एकही उपकरण सापडले नाही. हा पहिला नकार, म्हणजे साहेब जागेवर नाहीत. अशा वेळी साहेब खरेच नाहीत का, ते दुसऱ्या कुणाला तरी विचारावे. लिनक्समध्ये 'एलएसयूएसबी' ही आज्ञा यूएसबीला काय काय जोडले आहे त्याची हजेरी घेते. त्या हजेरीत दांडक्याचे नाव नव्हते, म्हणजे दोष प्रोग्रामचा नव्हे, जोडणीचा. लॅपटॉपचे ते भोक सैल झालेले होते. दुसऱ्या बाजूच्या भोकात खोचताच यादीत ०बीडीए:२८३८ हा क्रमांक उमटला. हा प्रश्न एवढ्यावर मिटला.

पुन्हा तीच आज्ञा. आता 'यूएसबी ओपन एरर उणे ३'. या उणे तीनचा अर्थ मी शोधला : परवानगी नाही. उपकरण आहे, सापडले आहे. पण ते उघडण्याचा अधिकार तुमच्या नावावर नाही. आज्ञेआधी 'सुडो' हा शब्द लावला, म्हणजे सर्वाधिकाऱ्याच्या नावाने हुकूम सोडला, की हे दार उघडते. पुष्कळजण तेवढ्यावरच भागवतात. मला ते पटेना. आजीला गाणे ऐकवण्यासाठी दररोज सर्वाधिकाऱ्याचा शिक्का कशाला? रीतसर उपाय संदेशातच लिहिलेला होता : 'युडेव्ह'च्या नियमांची फाईल तिच्या जागी ठेवा. अमुक क्रमांकाचे उपकरण आले तर साध्या माणसालाही ते उघडू द्यावे, एवढाच तो नियम. फाईल ठेवली, नियम पुन्हा वाचायला लावले, दांडका काढून परत खोचला. उणे तीन गेले.

त्याच आठवड्यात मी आबांबरोबर पाचव्या खेपेला त्या कचेरीत गेले. 'नाही' म्हटल्यावर आबा वळले, मी उभी राहिले. 'काय नाही?' म्हणून विचारले. तर उत्पन्नाचा दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा होता. एवढेच! नवा दाखला जोडला आणि अर्ज घेतला गेला. वाटेत आबा म्हणाले, "ही मला कुणी सांगितलंच न्हाई." खरेच कुणी सांगितले नव्हते. यंत्राला चार माणसांनी कारण सांगायला शिकवले आहे. खिडकीपलीकडच्या माणसाला तेवढे कुणी शिकवू नये, याचा मला राग येतो.

असो. तिसरा नकार मात्र फार मजेशीर : 'यूएसबी क्लेम इंटरफेस एरर उणे ६', म्हणजे उपकरण दुसऱ्याच्या ताब्यात आहे. कुणाच्या? तर लिनक्सच्याच! लिनक्सच्या गाभ्यात या चिपचा टीव्हीचा ड्रायव्हर आधीपासून असतो. दांडका खोचताच तो धावत येतो आणि 'टीव्ही आला' म्हणून त्याला धरून बसतो. गंमत अशी, की हा दांडका डीव्हीबी-टी पद्धतीचा, आणि आपल्या दूरदर्शनने जमिनीवरच्या डिजिटल प्रक्षेपणासाठी घेतली डीव्हीबी-टी२ पद्धत. त्यामुळे त्यावर इथे दूरदर्शन कधी दिसायचे नाही. जे काम होणारच नाही त्यासाठी हा इमानी नोकर खुर्ची अडवून बसलेला! त्याला हाकलण्याची आज्ञा 'मोडप्रोब', पण तिचा परिणाम तात्पुरताच टिकतो. कायमचे करायचे तर 'मोडप्रोब-डी' या फोल्डरात एक फाईल करून त्यात 'ब्लॅकलिस्ट' आणि त्या ड्रायव्हरचे नाव, एवढी एकच ओळ लिहावी लागते. ती लिहिली, आणि 'आरटीएल टेस्ट' निमूटपणे नमुने मोजू लागली.

इथे गोष्ट संपावी असे कुणालाही वाटेल. पण 'जीक्यूआरएक्स' हा प्रोग्राम उघडला, १०२.७ मेगाहर्ट्झवर आकाशवाणीचे कोल्हापूर केंद्र लावले आणि ऐकू आली नुसती खरखर. आता ना नकार, ना उणे काही. नकार वाचता तरी येतो. खरखर वाचता येत नाही. एकेक गोष्ट बदलून कान देणे एवढेच हाती राहते. मोड रुंद एफएमचा केला, खरखरीचा पोत बदलला. गेन वाढवला, खरखर वाढली. लॅपटॉपचा चार्जर काढला, तेव्हा तिच्यातला एक चिरका सूर नाहीसा झाला. तो चार्जरच हवेत कचरा फेकत होता. मग अँटेना. १०२.७ मेगाहर्ट्झची लहर सुमारे २ मीटर ९२ सेंटिमीटर लांब. तिचा चौथा भाग ७३ सेंटिमीटर. दांडक्याबरोबर आलेली काडी वीतभरसुद्धा नव्हती. जुन्या वायरीतली तांब्याची तार टेपने मोजून कापली, काडीच्या जागी जोडली आणि खिडकीच्या लाकडी चौकटीला उभी बांधली.

बातम्या चालू होत्या. आजी म्हणाली, "आवाज मोठा कर."

पुढे अँटेनासाठी ७ सेंटिमीटरची दुसरी तार कापली. विमाने १०९० मेगाहर्ट्झवर आपली ओळख, उंची आणि ठिकाण सतत सांगत असतात. 'डंप१०९०' हा प्रोग्राम ते पडद्यावर मांडतो. एका संध्याकाळी आबा अंगणात बसून वर बघत होते. मी आतून ओरडून सांगितले, की ते जे जाते आहे ना, ते ३६ हजार फुटांवर आहे. आबा आत आले, पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "कुठं चाललंय ते?"

ते मात्र त्या संदेशात नसते.