हाताची आठवण

रात्री अचानक वीज जाते. आपण काळोखात उठतो, चार पावले टाकतो आणि आपला हात नेमका आगपेटीवर पडतो. आगपेटी कोठे ठेवली आहे असे त्या वेळी कोणी विचारले, तर आपल्याला क्षणभर आठवावे लागेल. हाताला मात्र आठवावे लागत नाही. हाताची अशी एक स्वतंत्र आठवण असते. पेटी वाजविणाऱ्याच्या बोटांत ती असते, भाकरी थापणाऱ्या गृहिणीच्या तळव्यात असते, पहाटेच्या अंधारात होडी लोटणाऱ्या कोळ्याच्या मनगटात असते. ही विद्या कोणत्याही शाळेत शिकवीत नाहीत, तिचे प्रमाणपत्र मिळत नाही आणि ती अंगी बाणायला वर्षे जावी लागतात. हिरावली जायला मात्र, कोणीतरी आगपेटी दुसऱ्या फळीवर ठेवली, एवढेच निमित्त पुरते.

वाचकहो, हा विचार आमच्या मनात घोळू लागला तो धर्मग्रामाच्या कचेरीतील संगणकामुळे. जुन्या संगणकाच्या कार्यप्रणालीची मुदत संपली, तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या यापुढे मिळणार नाहीत असे कळले, तेव्हा नवा संगणक आणणे प्राप्त झाले. दाखल्यांच्या नोंदी, जमाखर्च, पत्रव्यवहार असे सारेच त्याच्यावर असल्याने धोका पत्करणे शहाणपणाचे नव्हते. नवा संगणक जलद आहे, दिसायला देखणा आहे. परंतु पडद्यावरील मांडणी पार बदललेली होती.

आमच्या कचेरीत एक लेखनिक आहेत. सारा गाव त्यांना काका म्हणतो. आम्हीही तेच म्हणतो. धर्मगुरू बदलीवर येतात आणि जातात. काका मात्र टंकलेखन यंत्राच्या काळापासून त्याच खुर्चीवर आहेत. पंचेचाळिशी जवळ आली असताना ते संगणक शिकले, आणि असे शिकले की दाखल्यासाठी आलेला माणूस दारात चपला काढून आत येईपर्यंत त्यांनी नोंद शोधून काढलेली असे. या कसबाचे गावाला कौतुक होते. काकांनाही त्याचा अभिमान होता, जरी तो त्यांनी कधी बोलून दाखविला नाही. नवा संगणक आला त्या आठवड्यात कचेरीबाहेर प्रथमच माणसांची रांग लागली. रांगेतले कोणी काही बोलले नाही. पण मुकाट्याने पाहणारी माणसे कधीकधी बोलणाऱ्यांहून जड होतात. शनिवारी संध्याकाळी काकांनी आमच्या मेजावर एक कागद ठेवला. "फादर, आता माझं वय झालं. एखादा तरुण मुलगा बघा," एवढेच ते म्हणाले.

तो कागद आम्ही खणात ठेवला आणि विचारात पडलो. जो माणूस मागच्या आठवड्यापर्यंत आपल्या कामात निष्णात होता, तो या आठवड्यात अडाणी कसा ठरला? त्याची बुद्धी कमी झाली नव्हती, कामावरची निष्ठा आटली नव्हती. फरक पडला होता तो एवढाच, की वस्तू आपापल्या जागी नव्हत्या.

जागेला इतके महत्त्व का असावे? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ साली यासंबंधी एक नियम मांडला. एखाद्या लक्ष्यापर्यंत हात पोहोचायला लागणारा वेळ त्या लक्ष्याचे अंतर आणि त्याचा आकार यांवर अवलंबून असतो. लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका वेळ अधिक. आता पडद्यावरील बाण पडद्याच्या कडेपलीकडे जाऊ शकत नाही. त्यामुळे अगदी कोपऱ्यात असलेल्या बटणावर नेम धरावा लागत नाही; माऊस त्या दिशेने ढकलला की बाण कोपऱ्यात जाऊन आपोआप थांबतो. मधोमध असलेल्या बटणावर मात्र हात आवरून नेम धरावा लागतो. तरुण हाताला हा फरक जाणवतही नाही. साठी उलटलेल्या हाताला तो दिवसभर जाणवत राहतो.

दुसरी गोष्ट भाषेची. आमच्या कचेरीतील संगणकाच्या पडद्यावरील शब्द इंग्रजी आहेत आणि काकांचे शिक्षण मराठीतून झालेले. ते शब्द त्यांनी शब्द म्हणून कधी वाचलेच नव्हते. 'वरून चौथी ओळ', 'उजवीकडचे दुसरे चित्र' अशा खुणांनी त्यांनी सारा पडदा पाठ केला होता. ज्याला पाटी वाचता येते त्याच्या दृष्टीने दुकान फक्त दुसऱ्या गल्लीत गेलेले असते. तो पाट्या वाचीत जाऊन ते शोधून काढतो. जो खुणेच्या झाडावरून वाट ओळखतो त्याचे झाडच तोडले, तर त्याच्यापुरते गाव नाहीसे होते. म्हणजे तोच बदल एकाचा तासभर वेळ घेतो आणि दुसऱ्याचे सारे ज्ञान घेऊन जातो. नवी मांडणी आखणाऱ्यांच्या हिशेबात हे दोघेही 'वापरणारे' या एकाच शब्दात मोडतात.

आणि यातील विपर्यास पाहा. संगणकाच्या पडद्यावर कागद, फायली, कप्पे, टपालाची पेटी अशी चित्रे मांडण्याची कल्पना १९८१ साली झेरॉक्स कंपनीच्या 'स्टार' या यंत्राने बाजारात आणली. पडदा म्हणजे कचेरीतील मेज, अशी ती योजना होती. मेजावर काम करणाऱ्या माणसाला यंत्र परके वाटू नये, हा तिचा हेतू. म्हणजे आज जगभर पसरलेली ही मांडणी मुळात कारकुनाच्या मेजावरून उचललेली आहे. ज्याच्या मेजाचे चित्र काढून यंत्राने जग जिंकले, त्याच कारकुनाला त्या चित्रात आपली जागा सापडू नये, हे वाईट वाटण्यासारखे आहे.

तथापि बदलाला सरसकट दोष देणे न्यायाचे होणार नाही. आज आपण ज्याला 'जुने' म्हणून कवटाळतो तेही एके काळी नवेच होते. डावीकडे खालच्या कोपऱ्यात 'स्टार्ट' हे बटण आले ते २४ ऑगस्ट १९९५ रोजी, 'विंडोज ९५' बरोबर. त्यापूर्वीची मांडणी अंगवळणी पडलेल्यांना तेव्हा नवे वळण गिरवावे लागलेच. पुढे २६ ऑक्टोबर २०१२ रोजी आलेल्या 'विंडोज ८' मधून ते बटण काढून टाकण्यात आले आणि त्याच्या जागी पडदाभर मोठमोठे रंगीत चौकोन आले. लोकांनी इतकी कुरकुर केली की २०१३ च्या ऑक्टोबरात बटण परत आले, आणि २०१५ च्या जुलैमध्ये आलेल्या 'विंडोज १०' ने त्याची जुन्या धर्तीची यादीही परत आणली. ५ ऑक्टोबर २०२१ च्या 'विंडोज ११' मध्ये बटण राहिले, परंतु ते कोपरा सोडून मध्यभागी सरकले. १९९५ पासून पाहिले तर तीस वर्षांच्या आत एका बटणाने एवढा प्रवास केला.

यामागे कोणाचा दुष्ट हेतू होता असेही नाही. दरम्यान बोटाने स्पर्श करून चालविण्याचे पडदे आले होते. माऊसचा बाण सुईच्या अग्रासारखा, तर बोट चांगले जाडजूड. त्याला मोठे चौकोनच हवेत. अ‍ॅपल कंपनीने २०११ च्या जुलैमध्ये आपल्या प्रणालीत पाने सरकविण्याची दिशाच उलटी केली, तीही याच कारणाने. कागदावर बोट ठेवून तो वर ढकलावा तसे पान वर जावे, म्हणून. तरुण पिढी फोनवर जे शिकून आली होती, ते तिला मेजावरच्या यंत्रातही मिळावे अशी ती खटपट होती. त्यांच्या हाताची आठवण वेगळी, काकांच्या हाताची वेगळी. दोन पिढ्यांच्या हातांना एकच पडदा पुरवायचा म्हटले की कोणाची तरी गैरसोय होणारच. ती कोणाची व्हावी, आणि ज्याची होईल त्याच्यासाठी आपण काय करावे, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात सापडते. २०११ साली 'ग्नोम' या लिनक्सवरील मांडणीने आपले रूप आमूलाग्र बदलले, तेव्हा ज्यांना जुने रूप हवे होते त्यांनी जुन्याच सामग्रीतून 'माते' नावाची मांडणी उभी केली आणि ती निगुतीने चालू ठेवली. नवे घर बांधणाऱ्यांना त्यांनी अडविले नाही. जुन्या घराची फक्त डागडुजी करीत राहिले. हे सर्वत्र शक्य नसते हे खरे. तरी जुने टिकवू पाहणारा माणूस आळशी किंवा प्रतिगामीच असतो हा समज त्यामुळे खोटा ठरतो.

घर बदलण्याचा अनुभव आम्हालाही आहे. दर काही वर्षांनी आमची बदली होते. नव्या धर्मग्रामात गेल्यावर कुलपांच्या किल्ल्यांपासून माणसांच्या स्वभावांपर्यंत सारे नव्याने शिकावे लागते. पहिले काही दिवस पाण्याचा पेला शोधतानासुद्धा आपण परके आहोत याची जाणीव होते. परंतु बदलीचे पत्र अगोदर येते. निरोप होतो, स्वागत होते, किल्ल्या हाती देणारा माणूस घरभर फिरवून आणतो. नव्या माणसाला सुरुवातीला समजायचे नाही, हे सर्वांनी गृहीत धरलेले असते आणि त्याबद्दल त्याला कोणी मूर्ख म्हणत नाही. काकांच्या वाट्याला यातले काहीच आले नाही. ते आपल्याच खुर्चीवर, आपल्याच मेजापाशी बसले होते. त्यामुळे ते परक्या घरात आले आहेत हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

गावातील एक मुलगा अभियांत्रिकीचे शिक्षण घेतो. मोठा गुणी मुलगा. काकांना मदत करायला तो आपण होऊन येऊ लागला. काका अडले की तो त्यांच्या हातातून माऊस घेई, तीन टिचक्या मारी आणि म्हणे, "झालं, काका. सोपं आहे." मध्यभागी गेलेले बटण पुन्हा डाव्या कोपऱ्यात आणण्याची सोय असते, तीही त्याने शोधून काढली आणि बटण जुन्या जागी आणून ठेवले. काकांनी त्याचे आभार मानले. तो गेल्यावर मात्र ते आमच्याकडे आले.

"बटण जागेवर आलं, बरं झालं. पण फादर, त्याला एवढं सांगा, माझ्या हातातला माऊस काढून घेऊ नकोस म्हणावं. नुसता शेजारी बस."

या एका वाक्याने आमचे डोळे उघडले. शिकविणारा जे करून दाखवितो ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांना कळते. त्याच्या हाताला कळत नाही. हाताने स्वतः चुकावे लागते, थांबावे लागते, परत फिरावे लागते, तेव्हा कोठे नवी आठवण तयार होते. शिवाय 'सोपे आहे' या शब्दांत धीर देण्याचा हेतू असला तरी ऐकणाऱ्याच्या कानी वेगळेच पडते. गोष्ट सोपी असून मला येत नाही, याचा अर्थ माझ्यातच काही उणे आहे, असे तो समजतो. त्यापेक्षा 'हे बदलले आहे, वेळ लागेल' हे शब्द अधिक खरे आणि अधिक दयाळू आहेत.

आम्ही मुलाशी बोललो. त्याला क्षणात उमगले. त्यानंतर आठ-दहा संध्याकाळी तो काकांच्या शेजारी हाताची घडी घालून बसला. काका पाच मिनिटे धडपडत असताना त्या घडीत हात आवरून धरणे त्याला किती जड जात होते, हे आम्ही दारातून पाहत होतो. आम्हाला वाटते, त्या संध्याकाळी काकांइतकेच तोही काही शिकला.

रांग आता लागत नाही. खणातला कागद काकांनी परत मागितला नाही आणि आम्हीही त्याचा विषय काढला नाही. या सगळ्या काळात काकांनी शाळेच्या मुलांची असते तशी एक दुरेघी वही केली. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले तीन रकाने. पहिल्या रकान्यात 'पूर्वी कोठे', दुसऱ्यात 'आता कोठे', सुवाच्य मराठी अक्षरांत, ओळीपुढे ओळ. तिसरा रकाना वहीभर कोराच आहे. त्याचे प्रयोजन आम्ही विचारले, तेव्हा काका चष्मा पुसत म्हणाले, "पुन्हा बदलतीलच की, फादर. तेव्हा आखत बसायला नको."