आप्पांच्या डोक्यावरची छत्री

दहा-साडेदहाच्या उन्हात केळीच्या बागेत उभे राहा आणि एखाद्या पानाकडे नीट पाहा. पान हिरवे असते हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून ते हिरवे दिसते. खरे तर निम्मे पान पांढरे चकाकत असते. केळीच्या पानावर मेणासारखा थर असतो. त्यावरून ऊन घसरते आणि सरळ डोळ्यांत येते. आपला डोळा ते चालवून घेतो, कॅमेरा मात्र चालवून घेत नाही. फोटोत बाग पांढरट येते आणि पाहणारा विचारतो, "यंदा बाग पिवळी पडली का हो?"

या चकाकीवर एक औषध आहे. पोलरायझर नावाची गोल, करडी काच मिळते. ती भिंगापुढे आट्यांनी बसवायची आणि हळूहळू फिरवायची. फिरवता फिरवता एका जागी चकाकी विरते आणि पान आतून उजळल्यासारखे हिरवेगार होते. आकाशही गडद निळे होते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही जादूच वाटते. मलाही वाटली होती, आणि त्या जादूच्या नादात मी एक नुकसान करून बसलो. ते आधी सांगतो.

आमचे गाव असोदा, जळगावच्या शेजारचे. बहिणाबाई चौधरींचे माहेर म्हणून तुम्ही नाव ऐकले असेल. 1996 सालच्या दसऱ्याच्या सुमारास पाऊस उघडला, आभाळ धुतल्यासारखे झाले आणि उत्तरेला सातपुडा स्वच्छ दिसू लागला. मी नुकतेच 24 मिलिमीटरचे वाइड अँगल भिंग घेतले होते. एका फोटोत बाग, विहीर, आप्पा आणि मागे सातपुडा असे सगळे मावायला हवे, ही हौस. सकाळी वडिलांना नवे धोतर नेसवून बागेत उभे केले. भिंगावर संरक्षणाची यूव्ही काच होतीच. तिच्यावर पोलरायझर चढवला, त्याच्यावर रंग जरा ऊबदार यावा म्हणून पिवळसर काच. एकावर एक तीन कडी. आप्पा घडावर हात ठेवून ताटकळले आणि शेवटी म्हणाले, "आभायाचा फोटो काढतो का माह्या?"

रोल धुऊन आला तेव्हा चारही कोपरे काळे! वाइड भिंग बाजूला फार दूरवर पाहते, तेव्हा तीन कड्यांच्या थप्पीची कडाच त्याला दिसली. कॅमेऱ्याच्या खिडकीत पूर्ण चौकट दिसत नसे, म्हणून मला ते आधी कळले नाही. त्याहून वाईट म्हणजे आभाळ. मधोमध, आप्पांच्या डोक्यावर, काळपट निळा पट्टा आणि दोन्ही बाजूंना फिकट, धुरकट आकाश. आप्पांनी फोटो हातात धरून दूर नेला, जवळ आणला. "माह्या डोक्यावर हे काय धरलं रे? छत्री?"

आम्ही खूप हसलो. पुन्हा काढू म्हणालो. पुढल्या उन्हाळ्यात आप्पा गेले. भिंतीवर लावायला फोटो शोधू लागलो तर त्यांचा अलीकडचा फोटो त्या एकाच रोलवर होता, आणि सगळा रोल त्याच भिंगाने, त्याच थप्पीने काढलेला.

असे का झाले, हे मला पुष्कळ वर्षांनी नीट समजले. ढोराचा दोर फाटकाच्या उभ्या गजांतून ओवून धरा. दोराला वरखाली झटका दिला तर लाट पलीकडे जाते. आडवा झटका दिला तर गजांवर अडते. प्रकाशाच्या लाटाही अशाच सगळ्या दिशांनी हलत असतात. पाणी, पान, काच यांवरून तिरपे परतलेले ऊन मात्र बहुतेक एकाच दिशेने हलते. पोलरायझर म्हणजे फिरवता येणारे फाटक. ते योग्य जागी आणले की तेवढी चकाकी अडते, बाकीचा प्रकाश आत येतो. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण 37 अंशांचा कोन करून पाहिले तर हे काम सर्वांत चोख होते. विहिरीत तिरपे पाहताना काच फिरवा, आकाशाचे प्रतिबिंब जाऊन पाण्याच्या आतले दिसू लागेल. कोऱ्या पत्र्याची चकाकी मात्र जात नाही. धातूवरून परतलेल्या उन्हाला अशी एक दिशा येत नाही.

चंद्रशेखर वेंकट रामन 1921 साली बोटीने इंग्लंडहून परत येत होते. समुद्राचा निळा रंग म्हणजे नुसते आकाशाचे प्रतिबिंब, असे तेव्हा मोठे लोक मानत. रामन यांच्याजवळ निकोलचा लोलक होता. तोही याच जातीचे फाटक. त्यातून त्यांनी पृष्ठभागाची चकाकी अडवून पाहिले, तर समुद्र अधिकच निळा दिसला. निळेपण पाण्याच्या आतूनच येत होते. पुढे याच वाटेने त्यांचे प्रकाशावरचे संशोधन वाढले आणि 1930 साली नोबेल पारितोषिक आले. स्वस्त पातळ पत्र्यासारखा पोलरायझर मात्र 1929 च्या सुमारास अमेरिकेतल्या एडविन लँड यांनी शोधला, म्हणून तो आज तुमच्या-माझ्या हाती आहे.

आकाशाचेही असेच. सूर्यापासून काटकोनात असलेल्या आकाशाच्या पट्ट्यात हा प्रकाश सर्वांत जास्त एकदिशी असतो, सूर्याजवळ आणि सूर्याच्या पाठीमागे फार थोडा. (मधमाश्या आकाशाचा हा नकाशा वाचून वाट काढतात, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी 1949 मध्ये दाखवले.) 50 मिलिमीटरचे भिंग आडवे सुमारे 40 अंश पाहते, त्यात आकाश बरेचसे सारखे येते. 24 मिलिमीटरचे 74 अंश पाहते. त्यात पट्टा आणि पट्ट्याबाहेरचे असे दोन्ही आकाश येते. सकाळी सूर्य पूर्वेला, मी उत्तरेकडे तोंड करून. पट्टा नेमका मधे! छत्री आली ती अशी.

तुम्ही ही चूक करू नका. उजव्या हाताचे पहिले बोट सूर्याकडे रोखा, अंगठा काटकोनात ताणा आणि मनगट गोल फिरवा. अंगठा जिथे जिथे जाईल तो पट्टा. वाइड भिंगाच्या चौकटीत तो अर्धवट येत असेल तर पोलरायझर पुरता फिरवू नका, अर्ध्यावर थांबा. किंवा चौकटीत आभाळ थोडेच घ्या आणि बाग जास्त घ्या. पानांना काचेचा फायदा मिळेल आणि आभाळ बिघडणार नाही. भर दुपारी सूर्य डोक्यावर असताना पट्टा चहूबाजूंनी क्षितिजालगत येतो, तेव्हा आकाश बरेच सारखे येते. पण त्या वेळी माणसाचे डोळे टोपीच्या सावलीत बुडतात. माणूस हवा की आभाळ, हे आपण ठरवावे. मी त्या दिवशी आभाळ ठरवले होते.

थप्पीबद्दल माझे मत आता कडक आहे. पोलरायझर लावायचा तर आधी यूव्ही काच काढून ठेवा. प्रत्येक जादा काच दोन नवे पृष्ठभाग आणते आणि उन्हात त्यांचे ठिपके फोटोत उमटतात. पातळ कड्याचा पोलरायझर घ्या. नाहीतर भिंग 67 चे असेल तर काच 77 ची घ्या आणि मधे स्टेप-अप रिंग लावा. मग कोपरे मोकळे राहतात आणि एकच काच घरातल्या सगळ्या भिंगांना चालते. दोन पोलरायझर एकावर एक चढवून प्रकाश हवा तितका कमी करता येतो, पण त्यासाठी पुढचा साधा, म्हणजे लिनियर, असावा लागतो आणि वाइड भिंगावर आभाळात काळी फुली उमटते. मी तो नाद सोडला. एका काचेनेच प्रकाश जवळजवळ चौथाईवर येतो. हात हलत असेल तर तेवढेच पुरे झाले.

विकत घेताना खिशात काळ्या आकड्यांचा कॅल्क्युलेटर न्या. काचेची पुढची बाजू कॅल्क्युलेटरकडे करा, मागून पाहा आणि काच फिरवा. आकड्यांची पाटी काळी झाली तर काच खरी. काही फरक पडला नाही तर ती नुसती करडी काच आहे, दुकानदार काहीही सांगो. आरशाचा कॅमेरा आपोआप फोकस करणारा असेल तर सर्क्युलर जातीची लागते. तिची परीक्षा अशी: आट्यांची बाजू आरशाकडे धरून काचेतूनच काचेचे प्रतिबिंब पाहा. ते काळे दिसले की सर्क्युलर.

गेल्या पावसाळ्यात ही काच वेगळ्याच कामाला आली. खालच्या पानांवर करप्याची शंका आली म्हणून पुतण्याने मोबाईलवर फोटो काढून एका जाणत्या कृषी पदवीधराला पाठवले. त्यांचे उत्तर आले, पाने स्वच्छ दिसतात. आम्ही चार दिवस निवांत राहिलो. पाचव्या दिवशी मी बागेत गेलो, जुना पोलरायझर मोबाईलच्या भिंगापुढे बोटांनी धरला आणि फिरवला. चकाकी सरकली आणि तिच्याखाली शिरांना समांतर पिवळसर बारीक रेघा, काही ठिकाणी तपकिरी ठिपके. तोच फोटो पाठवल्यावर दहा मिनिटांत फोन आला. रोगट पाने कापून बागेबाहेर नेली, फवारणी केली. चार दिवसांत करपा आणखी दोन ओळी पुढे गेला होता.

पुतण्या आता ती काच कापडात गुंडाळून फवारणीच्या वहीबरोबर ठेवतो. आप्पांचा फोटो मोठा करून ओसरीवर लावला आहे. चेहरा दाणेदार आला आहे, पण हात घडावर स्पष्ट दिसतो. जळगावचा एक मुलगा म्हणाला, काका, संगणकावर आभाळ एकसारखे करून देतो, कोपरेही भरून देतो. कोपरे भरून घेतले. आभाळ राहू दे म्हटले. नातवंडे येणाऱ्या-जाणाऱ्याला आजोबांची छत्री दाखवतात.