दूरदेशीची शिदोरी

घरचा मुलगा परदेशी निघाला म्हणजे त्याच्या सामानात काय बांधून द्यावे, याचा आपल्या घरांतून मोठा खल होतो. लाडू, मेतकूट, लोणचे, देवाचा अंगारा, सारे पेटीत जाते. शेवटी कोणी वडील माणूस हळूच थोडे पैसे हातावर ठेवते. यांपैकी मुलास शेवटपर्यंत पुरते ते काय, हा विचार कॅलिफोर्नियातील एका वकिलाच्या आठवणी वाचताना आमच्या मनात फार घोळला.

हा वकील म्हणजे स्टीफन फील्ड. अमेरिकेच्या पूर्वेकडील कनेक्टिकट संस्थानात, एका धर्मोपदेशकाच्या भरल्या घरी, १८१६ साली तो जन्मला. थोरला भाऊ डेव्हिड हा न्यूयॉर्कातील नामांकित वकील. त्याच्याच हाताखाली स्टीफन कायदा शिकला व पुढे त्याच्याच भागीदारीत वकिली करू लागला. १८४८ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात कोलोमा येथे सोने सापडले, आणि पुढल्याच वर्षी माणसांचे लोंढेच्या लोंढे तिकडे धावले. त्यांत हाही निघाला. पनामापर्यंत आगबोट, मग ती चिंचोळी भूमी ओलांडून पुन्हा आगबोट, असा प्रवास करून २८ डिसेंबर १८४९ च्या संध्याकाळी तो सॅन फ्रान्सिस्कोस उतरला. जवळ जेमतेम १० डॉलर होते. दोन पेट्या खोलीवर नेण्याची हमाली ७ डॉलर पडली आणि सकाळच्या न्याहारीस २ डॉलर लागले. वाटखर्ची अशी एका रात्रीत सरली.

परंतु त्याच्या पेटीत न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांचे ६४ अंक होते. घरची बातमी यावयास तेव्हा महिना-दीड महिना लागे, आणि साध्या पत्रासही ४० सेंट हशील पडे. लोक बातमीस इतके आसुसलेले होते की एका माणसाने ते अंक डॉलरास एक याप्रमाणे हातोहात विकले व निम्मे पैसे, म्हणजे ३२ डॉलर, फील्डच्या हाती ठेविले. त्याच गावी भावाचे एक जुने येणे होते, तेही त्याने वसूल केले. परक्या मुलखात पहिला आधार मिळाला तो असा घराच्याच नात्याने.

आपल्याकडे तरुण माणूस वाकडे पाऊल टाकू लागला तर घरातील वडिलांची नजर त्यास आवरते. तिथे अशी नजर कोणाचीच नव्हती. सारेच परके, सारेच कालपरवा आलेले. १८५० च्या जानेवारीत फील्ड मेरिझव्हिल या नव्या वस्तीत गेला व तिथल्या न्यायाधिकाऱ्याच्या निवडणुकीस उभा राहिला. हा नवखा, याला येऊन तीनच दिवस झाले, असा त्याच्यावर आक्षेप. प्रतिस्पर्ध्यास झाले होते सहा! फील्ड नऊ मतांनी निवडून आला. वस्तीत तुरुंग नव्हता. जमाव चोरास झाडाला टांगावयास निघे, तेव्हा निदान जीव वाचावा म्हणून हा फटक्यांची शिक्षा देई. शिक्षा क्रूर खरी. पण तिथे कायद्यास तेवढीच जागा होती. पुढे त्याच वर्षी एका न्यायाधीशाशी वितुष्ट येऊन त्याची सनद गेली, ५०० डॉलर दंड व ४८ तासांची कैद झाली. सनद वरिष्ठ न्यायालयाने परत देवविली. तथापि मधल्या काळात हा धर्मोपदेशकाचा मुलगा पिस्तुले बाळगून हिंडत होता. एकटेपण माणसास कुठवर नेते, ते इथे दिसते.

त्यास सावरले ते मात्र भावापाशी शिकलेल्या विद्येने. १८५१ साली कायदेमंडळात बसून त्याने दिवाणी व फौजदारी कामाचे कायदे रचले, ते थोरल्या भावाने न्यूयॉर्कसाठी केलेल्या कायद्याच्या पायावर. खाणकामगारांनी आपसांत पाळलेले रिवाज न्यायालयाने मानावेत, हे त्यातच त्याने घातले. हजारो मैल दूर असलेला भाऊ असा त्याच्या पाठीशी होता.

आमच्या वाचकांत वकील मंडळी पुष्कळ आहेत, त्यांस आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्या १८७२ च्या करार कायद्यातील २७ वे कलम, धंद्यास आडकाठी करणारा करार रद्द ठरविणारे, याच थोरल्या भावाच्या मसुद्यावरून घेतलेले आहे.

स्टीफन १८६३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला. १८९० साली त्याच न्यायासनावर त्याच्या बहिणीचा मुलगा डेव्हिड ब्रूअर येऊन बसला, आणि १८९७ पर्यंत मामा-भाचे एकत्र न्याय देत होते. सोन्याच्या मागे घर सोडलेल्या माणसास सोन्याच्या मुलखाने एवढे वर चढविले, आणि तिथेही घरचेच माणूस शेजारी येऊन बसले.

आज आपली मुले याहून दूर जातात. मुलगा तिकडून किती पाठवितो, याची चौकशी चार घरी होते. आपण त्याच्याबरोबर काय पाठविले, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. लाडू अवश्य बांधावेत. पण थोरल्याने धाकट्यास आपल्या बैठकीवर शेजारी बसवून चार वर्षे धंदा शिकविला असेल, तर त्याची काळजी आम्ही तरी थोडी कमी करू.