मोरिवली ते पवई

अंबरनाथच्या मोरिवलीत कारखान्यांची पाळी सुटते, तेव्हा प्राध्यापक वही उघडतात. आजची नोंद एका ओळीची : ‘व्हिडिओ दाखवला. मुलं गप्प. समजलं की झोपली?’

पंधरा वर्षे शिकवूनही हा प्रश्न त्यांनी कधी मोजून पाहिला नव्हता. आपला विषय संशोधनाचा आणि शिकवणं सवयीचं, अशी वाटणी मनात पक्की बसलेली.

असं मोजून पाहणारे मात्र याच रेल्वेमार्गावर आहेत. अंबरनाथहून मध्य रेल्वेने कांजूरमार्गला उतरलं की पवई जवळच. तिथे आयआयटी मुंबईत 2010 साली शैक्षणिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र संशोधन विभाग सुरू झाला. सहना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोग्रामिंगच्या भल्यामोठ्या वर्गात एक साधी रीत तपासली : आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग सगळ्या वर्गासमोर. निरीक्षकांनी वर्गात बसून मुलं काय करतात ते टिपलं. सरासरी 83 टक्के मुलं कामात गुंतलेली दिसली. 2013 साली त्यावर शोधनिबंध आला.

म्हणजे वर्गच प्रयोगशाळा. मात्र निरीक्षण शिकवणारा हवा, नोंदी तपासणारा सहकारी हवा आणि वेळापत्रकात मोकळा तास.

प्राध्यापकांनी वहीत दोन रकाने आखले : ‘बोलली’, ‘गप्प’. उद्या मागच्या बाकावर बसायला त्यांनी शेजारच्या विभागातल्या मॅडमना विचारलंय.