यॉर्कशायरची बोली

आपल्याकडे दर बारा कोसांवर भाषा बदलते असें म्हणतात. हा नियम इंग्लंडासही लागू आहे, हें क्रमिक पुस्तकांतून इंग्रजी शिकलेल्या आपल्या मंडळींच्या सहसा ध्यानीं येत नाहीं. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त लीड्स शहरीं बिऱ्हाड करून आहेत. गेल्या उन्हाळ्यांत त्यांच्याकडे तीन महिने राहण्याचा योग आला, तेव्हां यॉर्कशायर प्रांतांत जें पाहिलें व ऐकलें, त्यांतील कांहीं वाचकांपुढें ठेवितों.

लीड्सहून आगगाडीनें यॉर्कला जाण्यास अर्धा तास पुरतो. शहराभोंवतीं जुना तट आहे. आंत शिरून पाट्या वाचूं लागतांच नवख्याचा गोंधळ उडतो. स्टोनगेट, मिकलगेट, कॉपरगेट अशीं नांवें पाहून तो वेस कोठें आहे तें शोधूं लागतो. पण येथें 'गेट' म्हणजे वेस नव्हे, रस्ता! खऱ्या वेशींस तेथें 'बार' म्हणतात: मिकलगेट बार, बूथॅम बार, मंक बार. याचें कारण इतिहासांत आहे. इ. स. ८६६ मध्यें डेन लोकांच्या सैन्यानें हें शहर जिंकलें. पुढें ९५४ मध्यें शेवटचा नॉर्स राजा एरिक हांकलला जाईपर्यंत या दर्यावर्दी लोकांचा अंमल तेथें कमीअधिक चालू होता. त्यांच्या भाषेंत रस्त्यास 'गाटा' म्हणत. राज्य गेलें, शब्द राहिला. कॉपरगेट हें नांव ऐकून तांबें आठवतें, पण तांब्याचा येथें संबंध नाहीं. ती लांकडी पेले व वाट्या करणाऱ्या कारागिरांची आळी. १९७६ ते १९८१ पर्यंत तेथें उत्खनन झालें, आणि हजार वर्षांपूर्वींचीं घरें, चामडी जोडे व लांकडी भांडीं ओल्या मातींत टिकलेलीं सांपडलीं. त्याच जागीं १९८४ मध्यें प्रदर्शन उघडलें, तें अवश्य पाहावें.

लीड्सच्या वायव्येस डोंगराळ मुलूख लागतो. तेथें दरीस 'डेल', ओढ्यास 'बेक' आणि उघड्या डोंगरास 'फेल' म्हणतात. हे सर्व नॉर्स वारशाचे शब्द. यॉर्कशायरांतील ज्या गांवांच्या शेवटीं 'बी' येतें, जसें व्हिटबी किंवा सेल्बी, तीं बहुधा या लोकांनीं वसविलेलीं वा त्यांनीं नांव दिलेलीं समजावीं. 'बी' म्हणजे गांव, 'थॉर्प' म्हणजे वाडी. स्किप्टन या बाजारपेठेच्या नांवाचा अर्थ मेंढ्यांचें गांव. इंग्रजी वळणानें तें 'शिप्टन' व्हावयाचें, पण 'श'च्या जागीं 'स्क' उच्चारणाऱ्यांच्या तोंडीं तें 'स्किप्टन' झालें. 'शर्ट' व 'स्कर्ट' हे एकाच मूळ शब्दाचे असेच दोन अवतार आहेत.

स्किप्टनच्या बाजारांत एका वृद्ध मेंढपाळानें आमच्या सात वर्षांच्या नातवास, खेळतोस का, असें विचारलें. त्या प्रश्नांत 'प्ले' नव्हतें, 'लेक' होतें. आणि 'यू' नव्हतें, 'दा' होतें. 'लेक' म्हणजे खेळणें, हाही नॉर्स वारसाच. 'दा' म्हणजे जुन्या ग्रंथांतील 'दाऊ', म्हणजे आपलें 'तूं'. प्रमाण इंग्रजींतून 'तूं' केव्हांच नाहीसें झालें, पण येथील कांहीं वृद्धांच्या तोंडीं तें अजून नांदतें. पूर्वीं एखादा पोर वडीलधाऱ्यांस 'दा' म्हणाला तर त्यास रागें भरत, हें ऐकून आम्हांस आपल्याच घरांत असल्यासारखें वाटलें.

'व्हाइल' या शब्दाची गंमत निराळी. इतरत्र त्याचा अर्थ 'असतांना', येथें 'पर्यंत'. दुकान नऊ 'व्हाइल' पांच उघडें असतें. रेल्वेच्या फाटकावर, तांबडे दिवे लुकलुकत असतां थांबा, अशा अर्थाची पाटी होती. ती वाचून यॉर्कशायरचा माणूस दिवे लुकलुकेपर्यंत थांबला आणि मग निघाला, अशी कथा तेथें विनोदानें सांगतात.

पण घरांत हा विषय विनोदाचा राहिला नव्हता. नातू शाळेंतून आला कीं 'नथिंग' ऐवजीं 'नाउट' म्हणे. एके सायंकाळीं सूनबाई कळवळून म्हणाल्या, "मामंजी, उद्यां मोठ्या जागेच्या मुलाखतीस गेला म्हणजे ही गांवढळ भाषा ऐकून याला खालचा ठरवतील. आधींच आपण परके." ही भीति निराधार म्हणतां येणार नाहीं. १९४१ मध्यें विल्फ्रेड पिकल्स या यॉर्कशायरच्या गृहस्थानें बी.बी.सी.वर बातम्या वाचल्या, तेव्हां त्या उच्चारांवर श्रोत्यांनीं तक्रारी केल्या. त्या देशांत माणसाची पायरी त्याच्या उच्चारावरून जोखण्याची खोड जुनी आहे.

सूनबाईंस उत्तर देण्यासाठीं आम्ही सर्वांस घेऊन सॉल्टेअरला गेलों. एअर नदीच्या कांठीं टायटस सॉल्ट यांनीं १८५३ मध्यें उघडलेली प्रचंड लोंकरीची गिरणी तेथें आहे. १९८६ मध्यें ती बंद पडली. आतां तेथें चित्रशाळा व दुकानें आहेत. याच गिरणींत सातव्या वर्षीं जोसेफ राइट नांवाचा मुलगा भरलेल्या चात्या काढण्याच्या कामास लागला. त्याचा जन्म १८५५ चा. पंधराव्या वर्षापर्यंत त्यास अक्षरओळख नव्हती. पुढें स्वकष्टानें शिकून त्यानें हायडेलबर्गला डॉक्टरची पदवी मिळविली, आणि १९०१ मध्यें ऑक्सफर्ड येथें तौलनिक भाषाशास्त्राचा अध्यापक झाला. हें पद त्याच्यापूर्वीं कोणाचें? ज्यांस आपले पंडित भट्ट मोक्षमुल्लर म्हणत, त्या मॅक्स म्युलरांचें! त्या आसनावर बसण्यासाठीं राइटनें आपली बोली टाकली नाहीं. उलट विंडहिल या आपल्या गांवच्या बोलीचें व्याकरण १८९२ मध्यें प्रसिद्ध केलें, आणि १८९८ ते १९०५ या काळांत इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश सिद्ध केला. त्यानंतर लीड्सच्या विद्यापीठानें १९५० ते १९६१ पर्यंत इंग्लंडांतील ३१३ ठिकाणीं जाऊन बहुतांशीं वृद्ध खेडुतांचे शब्द टिपून घेतले. ते वृद्ध आतां गेले. त्यांच्या तोंडचे कित्येक शब्द केवळ त्या टिपणांतच उरले आहेत.

'नाउट' हा 'नथिंग'चा अपभ्रंश नव्हे. दोहोंची घडण मुळांतच वेगळी. 'नाउट' हें शून्यवाचक 'नॉट'चें सख्खें भावंड आहे. याविषयीं आपल्या आचार्यांची दृष्टि पाहण्यासारखी आहे. 'जाणें' या अर्थीं 'शव्' धातु कंबोज देशांतच चालतो, असें यास्कांनीं नोंदविलें. पतंजलि अपशब्दांविषयीं कडक खरे. परंतु त्यांनींही तोच दाखला घेऊन, सुराष्ट्रांत त्या अर्थीं 'हम्म्' चालतो, अशी भर घातली. त्यांचा आशय असा कीं शब्दांचें क्षेत्र विशाल आहे. आपल्या कानीं पडत नाहीं एवढ्यावरून शब्दच नाहीं असें ठरवूं नये. प्रमाण भाषा चार देशांच्या लोकांशीं व्यवहार करण्यासाठीं अवश्य शिकावी. पण तिच्यासाठीं शेजाऱ्यापाजाऱ्यांची बोली मुलाच्या तोंडून खरवडून काढण्याचें कारण नाहीं.

परततांना गाडींतच घरचा ठराव झाला. नातवानें निबंधांत 'नथिंग' लिहावें, सवंगड्यांत 'नाउट' म्हणावें, आणि आजोबांशीं मराठींत बोलावें. सूनबाईंनीं पहिलीं दोन कलमें मान्य केलीं. तिसरें नातवास अद्यापि जड जातें. त्यासाठीं दर रविवारीं दूरध्वनीवर आमची शिकवणी चालू आहे.