नानांनी बांधलेली चाकं

गेल्या दिवाळीत फराळाची ताटं समोर असतानाच आमच्या ताईने विषय काढला. "बाबा, मला नवीन चाकं हवीत. कार्बनची." ताई म्हणजे आमची मोठी लेक, वय 17, बारावीत. धाकटा तिला ताई म्हणतो म्हणून सगळं घरच तिला ताई म्हणतं. किंमत विचारली तर म्हणाली, "पासष्ट हजार. जोडीची." माझ्या हातातली चकली तिथेच राहिली. सौ. म्हणाली, "अगं, एवढ्यात तर तुझ्या सायकलीसारख्या दोन सायकली येतील!" आणि ते अगदी खरं होतं. तिची सायकल आम्ही तीस हजारांना, सेकंडहँड घेतली होती.

ताई माउंटन बाइक चालवते. त्यातही क्रॉस कंट्री, म्हणजे डोंगर उतरण्याची नव्हे, तर मातीच्या, दगडांच्या, चढउताराच्या वाटेवर फेऱ्या मारण्याची शर्यत. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकपासून हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आहे, हे मला तिनेच सांगितलं. या शर्यतीत दर वळणानंतर पुन्हा वेग घ्यावा लागतो आणि दर फेरीत चढ असतो, म्हणून चाक हलकं हवं, असं तिचं म्हणणं. रविवारी पहाटे ती मैत्रिणींबरोबर महूच्या पुढे जानापावला किंवा चोरलकडच्या कच्च्या रस्त्यांवर जाते आणि अकरापर्यंत पोहे-जिलबी घेऊन घरी येते.

मी बँकेत आहे. पासष्ट हजार ऐकून नुसतं "नाही" म्हणणं सोपं होतं, पण आमच्या घरात हिशेब दाखवल्याशिवाय नाही म्हणायचं नाही, असा दंडक आहे. म्हणून प्रवासाच्या बॅगा तोलायचा काटा काढला. तिची चाकं टायर-ट्यूब काढून टांगली. जोडीचं वजन भरलं 2,350 ग्रॅम. कार्बनची जोडी साधारण 1,450 ग्रॅमची. म्हणजे 900 ग्रॅमची बचत.

आता ताईचं वजन 52 किलो, सायकल आणि पाणी मिळून 14. एकूण 66. चढावर वजन म्हणजे वजन, ते चाकात असो की दप्तरात. 66 किलोत 900 ग्रॅम म्हणजे दीड टक्क्याच्या आतच. अर्ध्या तासाच्या चढाला फार तर 25 सेकंद वाचतील. वेग घेताना मात्र चाकाच्या कडेचं वजन जवळपास दुप्पट मोजावं लागतं, कारण ते पुढेही सरकतं आणि गरगर फिरतंही. ताईचा मुद्दा तेवढ्यापुरता बरोबर होता. मी म्हटलं, "पण बेटा, पावसाळ्यात आपल्या माळव्याची काळी माती टायरला चिकटते, ती किती किलो?" ती हसली, पण रुसलीही.

मग मी जरा लक्ष घातलं. एका ओळखीच्या मुलाकडे हलक्या चाकांची जुनी जोडी विकाऊ होती, बावीस हजारांना. मी बयाणा देणारच होतो, तेवढ्यात ताईने मागच्या हबची रुंदी मोजली. ती निघाली 142 मिलिमीटर आणि तिच्या सायकलीला लागते 148. बाहेरून दोन्ही चाकं 29 इंचीच दिसतात, पण सहा मिलिमीटरांनी पैसे पाण्यात गेले असते. तेव्हा कळलं की चाक घेताना वजनाच्या आधी चार गोष्टी बघायच्या: आसाची जाडी आणि हबची रुंदी, मागची दातेरी चक्रं कोणत्या प्रकारच्या बॉडीवर बसतात, डिस्क सहा स्क्रूंची की मधल्या एका नटाची, आणि रिमची आतली रुंदी टायरला साजेशी आहे की नाही.

हे सगळं चाललं होतं ते नाना, म्हणजे माझे वडील, खुर्चीत बसून ऐकत होते. आई गेल्यापासून ते फार बोलत नाहीत. त्या दिवशी एकदम म्हणाले, "चाक विकत घेतात का कधी? चाक बांधतात."

इथे मला थोडं मागे जावं लागेल. नाना गिरणी कामगार. इंदूरच्या गिरण्या एकामागून एक बंद झाल्या, त्यात त्यांची नोकरी गेली. तेव्हा मी आठवीत होतो. नानांनी परदेशीपुऱ्यात एका भिंतीला लागून सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुकान कसलं, एक पेटी, एक पंप, पाण्याची एक घमेली आणि वर ताडपत्री. त्या पेटीवर माझं आणि बहिणीचं शिक्षण झालं. पण शाळेत कोणी विचारलं की मी सांगायचो, "वडील गिरणीत आहेत." गिरणी बंद होऊन तीन वर्षं झाली तरी हेच सांगायचो. एकदा वर्गातला एक मुलगा पंक्चर काढायला दुकानात आला, तेव्हा मी पाठ फिरवून गल्लीत निघून गेलो. नानांनी ते पाहिलं होतं. ते त्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत. बँकेत लागल्यावर सगळ्यात आधी मी काय केलं असेल, तर नानांना दुकान बंद करायला लावलं. लोकांना वाटलं, मुलाने बापाला सुख दिलं. खरं कारण मलाच ठाऊक होतं.

ती पेटी माळ्यावर होती. ताईने ती खाली उतरवली. निपलची चावी, कोनचे पाने, छर्रे ठेवायची डबी, सगळं होतं. ग्रीस मात्र वाळून दगड झालं होतं.

आता आमची खरेदी सुरू झाली. अमेरिकेतले सायकल घडवणारे कीथ बॉन्ट्रेगर यांच्या नावावर एक गोष्ट सांगतात, की मजबूत, हलकं आणि स्वस्त, यातली कोणतीही दोनच निवडा. ताईने ती आजोबांना ऐकवली. नाना म्हणाले, "मजुरी घरची असेल तर तिसरं पण जमतं."

हब वापरलेले घेतले, छर्रे आणि कोनवाले, कारण ते उघडून साफ करता येतात. नानांनी आस बोटांत धरून फिरवला, खरखर नाही हे पाहिलं, मगच होकार दिला. सहा हजार. ॲल्युमिनियमची दोन रिम, आतून 25 मिलिमीटर रुंद, प्रत्येकी 440 ग्रॅमची, 32 भोकांची. आठ हजार चारशे. आरे मात्र चांगल्यातले, टोकांना 2 आणि मध्ये 1.8 मिलिमीटर जाडीचे. नानांना आधी हे पटेना. "मध्ये बारीक म्हणजे तुटणार." पण एक हातात घेऊन वाकवून पाहिला आणि त्यांच्याच लक्षात आलं: मधला बारीक भाग जरा लवचीक असतो, धक्का तो झेलतो, आणि आरा जिथे नेहमी तुटतो ते वाकलेलं टोक जाडच राहतं. निपल ॲल्युमिनियमचे घेतले असते तर आणखी चाळीसेक ग्रॅम वाचले असते. नाना म्हणाले, "पितळेचे घे. दोन वर्षांनी चावी लावली तर फिरतील तरी." आरे आणि निपल मिळून पाच हजार.

आऱ्यांची लांबी ठरवताना आजोबा-नातीचं पहिलं भांडण झालं. ताईने रिमचं छापील माप घेऊन मोबाइलवर हिशेब केला. नाना म्हणाले, "कागदावरचं नको, हातात घेऊन मोज." त्यांनी दोन जुने आरे कापून, निपल लावून, रिमच्या समोरासमोरच्या भोकांत घातले आणि मधलं अंतर मोजलं. व्यासात चार मिलिमीटरचा फरक निघाला! म्हणजे प्रत्येक आरा दोन मिलिमीटर लांब आला असता आणि चौसष्टच्या चौसष्ट वाया गेले असते. त्या दिवसापासून ताईने आजोबांना उलट विचारणं बंद केलं. म्हणजे, तासाभरासाठी.

चाक बांधायला दोन रविवार लागले. उलटी केलेली सायकल, तिच्या फोर्कमध्ये चाक, आणि कडेला लावलेली खडूची कांडी. नानांचे हात आता थरथरतात. आरे ताई ओवायची, प्रत्येक आरा इतर तीन आऱ्यांना ओलांडून जाईल असा. नाना फक्त बोट दाखवायचे. पण चाक ताणायची वेळ आली तेव्हा त्यांनी चावी स्वतः घेतली, आणि काय सांगू, ती निपलवर बसली की हात स्थिर व्हायचा. पाव फेरा, कधी त्याच्याही निम्मा. मध्येच दोन-दोन आरे मुठीत धरून दाबायचे, कट्‌कट् आवाज व्हायचा, मग पुन्हा आउट काढायचा. "आता दाबला नाही तर पहिल्या खड्ड्यात दबेल, आणि चाक वाकडं होईल."

सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे ते आरा बोटाने छेडून ऐकायचे. एका बाजूचे सगळे आरे एका सुरात लागले पाहिजेत. पुढच्या चाकात डाव्या बाजूचा सूर चढा लागला तेव्हा त्यांना शंका आली. त्यांच्या काळात डिस्क ब्रेक नव्हते. हब उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "डिस्कला जागा द्यायला या बाजूची चकती आत घेतलीय. म्हणून इकडचे आरे जास्त ताठ. मागे चेनच्या बाजूला असतं तसंच." कुणी न सांगता, 78 व्या वर्षी. मी दारात उभा होतो. मला माझ्या वडिलांचं हे काम कधी नीट बसून पाहिल्याचंच आठवेना.

तयार जोडी काट्याला लावली: 1,820 ग्रॅम. बचत 530 ग्रॅम, खर्च 19,400 रुपये. कार्बनपेक्षा 370 ग्रॅम जड, पण पंचेचाळीस हजारांनी स्वस्त. अर्ध्या तासाच्या चढाला दहा सेकंदांचा फरक. त्या दहा सेकंदांवर ताई म्हणाली, "ते मी पायांनी भरून काढीन."

आणि गंमत पुढेच आहे. जुने टायर 840 ग्रॅमचे आणि ट्यूब 210 ची. त्यांच्या जागी घडी होणारे ट्यूबलेस टायर घातले, 670 ग्रॅमचे, आत 90 ग्रॅम सीलंट. दोन चाकांत मिळून 580 ग्रॅम वाचले, आणि तेही टायर, टेप, व्हॉल्व्ह, सीलंट सगळं धरून 7,800 रुपयांत. म्हणजे चाकांपेक्षा जास्त बचत टायरांत झाली, निम्म्याहून कमी पैशांत! कोणाला सायकल हलकी करायची असेल तर सुरुवात टायरपासून करा, हा माझा बँकवाल्याचा सल्ला. शिवाय ट्यूब नसल्यामुळे हवा 35 वरून 22 पीएसआयवर आणता आली, मुरमाच्या चढावर मागचं चाक घसरायचं थांबलं, आणि बाभळीच्या काट्यांची भीती गेली. फक्त आपल्याकडच्या उन्हाळ्यात सीलंट लवकर सुकतं, दोन-अडीच महिन्यांनी डोकावून पाहावं लागतं.

फेब्रुवारीत शर्यत होती. चाळीस मुली असाव्यात. पाच फेऱ्या, मध्ये एक दगडी उतार, तिथे दोघींची चाकं वाकली. नानांना आम्ही गाडीतून नेलं होतं, खुर्ची टाकून सावलीत बसवलं होतं. दर फेरीला ताई समोरून गेली की ते तिच्याकडे पाहत नव्हते, चाकाकडे पाहत होते. ताई सहावी आली. पदक नाही. घाम पुसत आली ती सरळ आजोबांकडे. नानांनी सायकल उलटी केली, चाक फिरवलं, खडूसारखं बोट कडेला धरलं. "केसभर," एवढंच म्हणाले, आणि खिशातून चावी काढली. बरोबर आणली होती!

शेजारी एका मुलीचे वडील उभे होते, चांगले सूटबूटवाले. त्यांनी मला विचारलं, "चाकं छान आहेत हो. कुठल्या कंपनीची?"

मी म्हटलं, "घरची आहेत. माझ्या वडिलांचं परदेशीपुऱ्यात सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी बांधली."

नाना चाकावर वाकलेले होते. त्यांना ऐकू गेलं की नाही, मी विचारलं नाही. पण चावी क्षणभर थांबली, आणि मग पाव फेरा फिरली.