जुळाऱ्याचे नाव

1867 च्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि छापखान्याचे ठिकाण घालणे सक्तीचे केले. त्यामुळे जळगाव-धुळ्याचे जुने पुस्तक हाती आले की ते कुठे छापले हे लगेच कळते. जळगावचे नानाजी तर छापखान्यासकट बहिणाबाईंच्या कवितेत जाऊन बसले. खिळे जुळवणाऱ्याचे नाव छापा, असे मात्र कोणत्याच कायद्याने सांगितले नाही. खानदेशातल्या छापखाना कामगारांच्या संघटनेचा विचार करताना मला ही गोष्ट आधी आठवते. गिरणी कामगारांसारखी जबर युनियन त्यांना उभारता आली नाही, याचे खापर बहुधा त्यांच्याच स्वभावावर फुटते. मला दोष दिसतो तो छापखान्याच्या आकारात, आणि तो आकार हिशेबात न धरणाऱ्या कायद्यांत.

जुळारी शिकलेला, हात शाईने काळे असले तरी स्वतःला कारकुनांच्या पंगतीत धरणारा, म्हणून तो लाल बावट्याखाली आला नाही, असे म्हटले जाते. पण कलकत्त्याच्या सरकारी छापखान्यांतले जुळारीही शिकलेलेच होते, आणि त्यांनी 1905 साली संप करून प्रिंटर्स युनियन काढली. मुंबईची गिरणी कामगार युनियन त्यानंतर तेवीस वर्षांनी, 1928 मध्ये आली. म्हणजे अक्षरओळख आड येत नव्हती. फरक एका छपराखाली किती माणसे, याचा होता. अमळनेरच्या प्रताप मिलचा भोंगा झाला की अख्खी पाळी एकदम बाहेर पडे. साने गुरुजींनी 1938 मध्ये त्याच गावातून ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढले, तेव्हा कामगारांचा असा समुदाय समोर होता. जॉब प्रेसमध्ये एक ट्रेडल, दोन-तीन जुळारी, एक मशीनमन, एक बाइंडर, आणि बरेचदा प्रूफ वाचणारा मालक स्वतः. जिथे गेटच नाही तिथे गेट मीटिंग घ्यायची कुठे?

यावर जाणकार 1926 च्या ट्रेड युनियन कायद्याकडे बोट दाखवतील. सात माणसांना युनियन नोंदवता येत होती आणि सात जण दोन छापखान्यांतून सहज जमले असते. खरे आहे, पण नोंदणी झाली म्हणून मालकाने बोलणी करावी, असे त्या कायद्यात नव्हते. महाराष्ट्राने 1971 मध्ये युनियनला मान्यता देणारा कायदा केला, तोही पन्नास किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी. 1955 च्या कायद्याने पत्रकारांबरोबर वृत्तपत्रातल्या इतर कामगारांनाही संरक्षण दिले, मात्र छापखान्याचा मुख्य धंदा वर्तमानपत्र छापण्याचा असावा लागे. सकाळी साप्ताहिकाचा अग्रलेख आणि दुपारी लग्नपत्रिका जुळवणारा हात त्यात कुठे बसवायचा? औद्योगिक विवाद कायद्याचीही तीच गत. 1965 च्या दुरुस्तीपर्यंत एकट्याची बडतर्फी हा औद्योगिक वाद ठरत नसे, सहकाऱ्यांनी किंवा युनियनने तो उचलून धरावा लागे. सहकारी मोजून चार, आणि चौघांचा पगार त्याच मालकाच्या हातात.

राहिला ‘घरच्यासारखे संबंध’ हा मुद्दा. तो मला खोटा वाटत नाही. अडीनडीला उचल देणारे मालक असतात, आणि छोट्या गावात त्याची किंमत मोठी असते. पण मर्जी हक्काची जागा घेते की नाही, हे डीटीपी आणि ऑफसेटच्या काळात तपासता येते. खिळ्यांच्या केसेस निरुपयोगी झाल्या, शिसे वजनावर विकता येत होते. कामावरून कमी केलेल्या जुळाऱ्यासाठी 1947 चा औद्योगिक विवाद कायदा प्रत्येक सेवावर्षामागे पंधरा दिवसांचा पगार सांगत होता. वीस वर्षे काढलेल्याचे तीनशे दिवस होत. कायद्याच्या या कलमाला पन्नासांची अटही नव्हती. मालकाने ते दिले नाहीत तर मागणाऱ्याला वर्षात 240 दिवस काम केल्याचा पुरावा दाखवावा लागे, आणि हजेरीपट असलाच तर तो मालकाच्या खणात.